परक्याच्या हातून आलेला हक्क
(नभोवाणीवरील भाषण)



एखाद्या देशात युद्ध पेटलेले असते. बाहेरचे सैन्य तेथे उतरते आणि आपल्या येण्याचे एक कारण म्हणून त्या देशातील स्त्रियांच्या दुःखाकडे बोट दाखविते. लगेच जगात दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, अन्यायाखाली भरडल्या जाणाऱ्या बाईला हात देताना सरहद्दी मोजीत बसायचे नसते. दुसरा म्हणतो, परक्याचे राज्य परक्याच्याच लाभासाठी असते. स्त्रियांचे नाव घेणे हा केवळ बहाणा. अफगाणिस्तानच्या निमित्ताने हा वाद २००१ पासून जगभर चालला आहे. आपण गोमंतकीयांनी मात्र तो दूरचा मानण्याचे कारण नाही. तो आपल्या उंबरठ्यावर होऊन गेला आहे, आणि त्याचा निवाडा आपल्या घरातील दस्तऐवजांत आजही वाचता येतो. म्हणून आज हा प्रश्न आपण काबूलहून नव्हे, तर डिचोली महालातल्या शिरगावाहून पाहू.

शिरगाव म्हटले की श्रीलईराई देवी आठवते. वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा, मोगरीच्या कळ्यांच्या माळा, हातात बेत घेतलेले धोंड आणि पहाटेच्या वेळी होमखणाच्या निखाऱ्यांतून त्यांचे चालत जाणे, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. लोककथा अशी, की सात बहिणी आणि एक भाऊ या मुलखात आले. लईराई शिरगावात राहिली, केळबाई मुळगावात, महामाया मयेत, मोरजाई पेडण्याच्या किनाऱ्यावर मोरजीत. एक बहीण तर म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली, असे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सांगतात. रागाच्या भरात आपण भावाला लाथ मारली, या पश्चात्तापाने लईराईने विस्तव तुडविण्याचे प्रायश्चित्त आपणहून पत्करले, असेही ही कथा सांगते. कथा ती कथा. परंतु तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. देवीच्या बहिणींना प्रत्येकी एकेक गाव मिळाला. त्याच गावांतील माणसांच्या बहिणींना मात्र बापाच्या शेतातला एक वाफासुद्धा मिळत नव्हता. लग्नात जे काही द्यायचे ते दिले, की मुलीचा माहेरशी हिशेब संपला, अशीच रूढी होती. गावकीचे उत्पन्न वाटले जाई, तेही पुरुषांच्या वंशानेच.

या रूढीला पहिला मोठा छेद कोणी दिला? उत्तर अवघड वाटले तरी खरे सांगितले पाहिजे. तो परकीय सत्तेने दिला. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० मध्ये गोव्यात अमलात आला. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मिळकत एक समजायची आणि तीत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा धरायचा, ही या कायद्याची साधारण रीत. घर किंवा शेत विकायचे तर नवऱ्याला बायकोची संमती घ्यावी लागे. आईबापांच्या मिळकतीपैकी ठराविक भाग मुलांसाठी राखून ठेवावा लागे, आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद नव्हता. उरलेल्या हिंदुस्थानात हिंदू मुलीला वारसा मिळण्यासाठी १९५६ उजाडावे लागले, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला भावाच्या बरोबरीचा हक्क २००५ मध्ये आला. पेडण्याची किंवा डिचोलीची बाई कायद्याच्या पानावर तरी सावंतवाडीच्या आपल्या मावसबहिणीच्या पुष्कळ पुढे होती.

तेव्हा पहिल्या पक्षाचे म्हणणे सिद्ध झाले काय? इतक्या घाईने नको. परक्यांनी दिलेल्या या दानाचा पूर्वेतिहास आधी पाहू या.

१५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवे घेतले आणि सती जाण्यास बंदी केली. बेंटिंकचा कायदा १८२९ चा. म्हणजे त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. पोर्तुगीज राजवटीचे स्तुतिपाठक ती अभिमानाने सांगत. परंतु त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच सेनापतीच्या हुकमाने मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. ती सलग चार दिवस चालल्याचे आल्बुकर्कनेच आपल्या राजाला कळविले आहे. हाती सापडलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती करून त्याने आपल्या सैनिकांशी त्यांची लग्ने लावून दिली, आणि वसाहत स्थिरावण्याचे धोरण म्हणून त्याचा गौरव झाला. एका बाईला चितेवरून खाली उतरविणारा हात दुसरीला लुटीच्या मालाप्रमाणे वाटून देत होता. पहिलीचा जीव वाचला, हे खोटे नाही. दुसरीला कोणी विचारले नाही, हेही खोटे नाही. ‘स्त्रियांचे रक्षण’ हे शब्द विजेत्याच्या तोंडून ऐकताना या दोघी एकदमच आठवाव्या लागतात.

पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनने फर्मान काढले. लग्नघरातल्या ओव्या, अंगणातली तुळस, अंगावरचा पेहराव, या सर्वांवर त्याचा रोख होता. या साऱ्या गोष्टी मुख्यतः बायकांच्या हातातल्या. म्हणजे बाईने जळू नये असे सांगणारी सत्ता तिने गावे काय आणि नेसावे काय हेही सांगू लागली. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ च्या दरम्यान पोर्तुगीजांकडे गेले. तोवर सत्तेचा तो जुना आवेश ओसरला होता आणि या नव्या काबिजादींत रूढींना हात न लावण्याचे धोरण होते. या धोरणाचा लाभ कोणाला झाला, तेही पाहा. देवळे राहिली, हे उत्तम झाले. पण त्याच आश्रयाने १८८० मध्ये हिंदूंच्या रूढींची जी संहिता निघाली, तिने ठराविक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा दिली. परकीय सत्ता सुधारणा करते तीही आपल्या सोयीने, आणि थांबते तीही आपल्या सोयीने. ज्या पुरुषांच्या हाती गाव असतो त्यांच्याशी तिला जुळवून घ्यायचे असते. त्या तडजोडीची किंमत बहुधा बायका मोजतात.

खुद्द १८६७ च्या कायद्यातही दोन तोंडे होती. मिळकतीत निम्मा वाटा देणाऱ्या त्याच कायद्याने मिळकतीचा कारभार नवऱ्याकडे सोपविला आणि पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असे लिहून ठेवले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि घटस्फोटाचा कायदा झाला. पुढे सालाझारच्या राजवटीने चर्चशी करार केला व १९४६ च्या हुकमाने गोव्यात चर्चमध्ये लागलेल्या लग्नांपुरता तो हक्क आखडून घेतला. देणारा आणि घेणारा एकच होता. गोव्याच्या बाईला देताना विचारले नव्हते. घेतानाही विचारले नाही.

येथे दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणतील, पाहा, आम्ही म्हणतो तेच खरे: परक्याने आमच्या घरात बोलूच नये. महाराष्ट्रात हा युक्तिवाद फार मोठ्या माणसाने केला होता. १८९१ चे संमतिवयाचे बिल आले तेव्हा परकीय सरकारने आमच्या समाजव्यवस्थेत कायद्याने हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती. आगरकर त्यांच्या विरुद्ध बाजूस उभे होते. टिळकांच्या आक्षेपात राजकीय सत्य होते यात शंका नाही. पण त्या बिलाचा विषय काय होता? संमतीचे वय दहावरून बारा करणे! बारा वर्षांच्या आतल्या मुलीला स्वराज्याची वाट पाहा असे सांगणे सोपे होते, कारण वाट पाहणारे दुसरेच होते. त्याच्या थोडे आधी, १८८४ पासून, मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाचा नवरा आपल्याला मान्य नाही, एवढेच त्या म्हणत होत्या. एका इंग्रज न्यायाधीशाने १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये दुसऱ्याने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असे त्यांचे उत्तर होते. पुढे त्या डॉक्टर झाल्या. परक्याचे न्यायालय त्यांना एकदा तारक ठरले आणि एकदा मारक. स्वकीयांचा मोठा भाग तर त्यांच्या विरोधातच होता. अशा बाईला ‘परका की स्वकीय’ हा प्रश्न विचारणे म्हणजे तिच्या प्रश्नाला बगल देणे होय. तिचा प्रश्न एवढाच, की माझ्या आयुष्याबद्दल माझे म्हणणे कोण ऐकणार?

मला वाटते, वादाचे खरे मर्म येथे आहे. हक्क कोणाच्या हातून आला, यापेक्षा तो पुढे कोणाच्या हाती राहिला, हे पाहिले पाहिजे. ज्या बाईसाठी कायदा केला, तिला त्यावर बोलता येते का, तो बदलता येतो का, आणि देणारा निघून गेल्यावर तो टिकविण्याचे बळ तिच्यापाशी आहे का? या कसोटीवर सालाझारची राजवट उतरत नाही. तिने गोव्याच्या बाईला निम्मा वाटा ठेवला, पण सभा, वृत्तपत्र आणि खुले मतदान ही तिन्ही कुलपात ठेवली. जून १९४६ मध्ये डॉक्टर लोहियांच्या सभेनंतर मडगावात वत्सला कीर्तनी यांना अटक झाली, तेव्हा त्यांना सोडवून घेण्यासाठी बायकाच पोलीस चौकीवर जमल्या. एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून सुधाताई जोशी तुरुंगात गेल्या. सत्तरीतल्या आंबेड्याच्या पंडित महादेवशास्त्री जोशींच्या त्या पत्नी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या पेडण्याच्या सीमेवर, पत्रादेवीला, मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय हाती तिरंगा घेऊन निघाल्या आणि त्यांना गोळ्या लागल्या. नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालविली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याची वार्ता लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावर सांगितली. निम्म्या मिळकतीचा हक्क कागदावर असलेल्या या बायकांना बोलण्याच्या हक्कासाठी कारागृह, गोळी आणि अरण्य पत्करावे लागले.

कोणी विचारील, १९६१ मध्ये हिंदी सैन्य गोव्यात आले, तेही बाहेरचेच नव्हते काय? पोर्तुगालने तसा आरोप केला, आणि सुरक्षा समितीत अमेरिकेने व ब्रिटनने तो उचलूनही धरला. या आक्षेपाला आवेशाने नव्हे, घटनाक्रमाने उत्तर द्यावे. सैन्य आले, ते पंधरा वर्षे येथल्याच माणसांनी चालविलेल्या लढ्याच्या शेवटी. आणि दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९६३ मध्ये, गोव्याच्या प्रत्येक सज्ञान स्त्रीने पुरुषाच्या बरोबरीने मत दिले. जानेवारी १९६७ मध्ये गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, हा प्रश्नही जनमतानेच सुटला. निकाल अनेक मराठी मनांना रुचला नाही. पण विचारले गेले, हे महत्त्वाचे. १९७३ मध्ये पेडण्यात जन्मलेल्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. बाहेरून आलेल्या बळाने आपल्यानंतर लोकांच्या हाती काय ठेवले, हे येथे मोजता येते.

आणि पोर्तुगीज कायद्याचे काय झाले? १९६२ च्या कायद्याने संसदेने तो तात्पुरता चालू ठेवला. मनात आणले असते तर गोमंतकीयांना तो परक्याची खूण म्हणून टाकून देता आला असता. त्यांनी टाकला नाही. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवा कायदा करून जुना मोडीत काढला. गोव्यात तो राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान नागरी कायद्याचे उदाहरण म्हणून गोव्याचा गौरवाने उल्लेख केला. परक्याने लावलेले झाड परका गेल्यावर वठले नाही. का? कारण त्याला नव्वद वर्षे मिळाली होती. नोटरी आणि नोंदणी यांची सवय घरोघर झाली होती. मुलीचा वाटा पुरुषांच्याही व्यवहाराचा भाग बनला होता. शिवाय समाजाच्या आत, कोणत्याही फौजेविना, दुसरे काम चालू होते. देवळांच्या सेवेत वाहिल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्या राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी ती प्रथा आपल्याच लोकांत उभे राहून मोडण्याचे काम केले. ही मशागत नसती तर कायद्याचे बी खडकावरच पडले असते.

आता काबूलकडे वळू. तेथील स्त्रियांचे हक्क अमेरिकेने नेले, असे आपण समजतो. ते बरोबर नाही. १९२० नंतरच्या दशकात राजा अमानुल्ला आणि राणी सोराया यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १९२९ मध्ये त्यांचे राज्य बंडाने गेले. म्हणजे सुधारणा स्वकीयाची असली म्हणून ती टिकतेच असेही नाही. १९६४ च्या राज्यघटनेने अफगाण स्त्रियांना मताचा हक्क दिला, तेव्हा तेथे ना रशियन रणगाडा होता, ना अमेरिकन विमान. १९७८ मध्ये क्रांती करून आलेल्या सरकारने वधूमूल्यावर आणि बालविवाहावर हुकूम काढले, पण बंदुकीच्या धाकाने. पुढच्या वर्षी सोव्हिएत सैन्य आले आणि मुलींची शाळा व परक्यांची छावणी ही दोन्ही खेड्यातल्या माणसाच्या मनात एक होऊन बसली. २००१ मध्ये अमेरिकेचे सैन्य गेले. त्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीने नभोवाणीवरूनच, ही लढाई स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठीही आहे, असे सांगितले. २००४ च्या घटनेने समानता लिहिली आणि कनिष्ठ सभागृहात चतुर्थांशाहून अधिक जागा स्त्रियांसाठी राखल्या. लाखो मुली शाळेत गेल्या. हे लटके नव्हते. त्या मुली खऱ्या होत्या, त्यांची पाटी खरी होती.

परंतु वीस वर्षांत युद्ध थांबलेच नाही. दिवसा शाळेचे उद्घाटन आणि रात्री घराची झडती, असे चालले. अखेर परकीयांनी माघारीचा करार केला तो २०२० मध्ये तालिबानशी. त्या वाटाघाटीच्या मेजावर अफगाण सरकारही नव्हते, मग तेथील स्त्रिया कोठून असणार? १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. सहावीनंतरच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारे लागली. २०२४ मधल्या कायद्याने तर स्त्रीचा आवाजही परपुरुषापासून लपविण्याची गोष्ट ठरविली. नभोवाणीवरून हे सांगताना लिबियाबाईंचा तो विमानातून आलेला आवाज आठवल्यावाचून राहत नाही.

म्हणून हस्तक्षेप सदैव पाप, किंवा हस्तक्षेप सदैव पुण्य, असे एका ओळीचे उत्तर मी देऊ शकत नाही. परकीय सैन्य निघून जावे असे म्हणणाऱ्याने, मागे राहणाऱ्या मुलींच्या शाळेचे काय, हे सांगितले पाहिजे. आणि सैन्य पाठवा असे म्हणणाऱ्याने, निर्णयाच्या मेजावर त्या मुलींच्या आया कोठे बसणार, हे आधी सांगितले पाहिजे. दोघेही बहुधा हे सांगत नाहीत.

आणि शेवटी आपल्या दाराशी. कायद्याने गोव्याच्या मुलीला वाटा दिला खरा, पण बाप गेल्यावर कितीतरी बहिणी नोटरीपुढे जाऊन आपला हक्क सोडल्याचे लिहून देतात. भावाशी नाते तुटेल या भीतीने देतात. तेथे कोणी आल्बुकर्क नसतो की सालाझार. असतो तो आपला घरचाच माणूस, आणि तो कागद पुढे सरकवून ‘येथे सही कर’ म्हणतो. शिरगावात तर आणखी एक गोष्ट झाली. पोर्तुगीज अमदानीत देऊन ठेवलेल्या खाणपट्ट्यांतून लोहखनिज निघत राहिले, खाणी खोल गेल्या, विहिरींचे पाणी उतरले आणि शेते नासली. शेतात निम्मा वाटा असलेल्या बाईच्या वाट्याला निम्मे कोरडे शेत आले. ही तक्रार न्यायालयापर्यंत नेली ती गावानेच. हक्क कागदावर राखणे आणि त्या हक्कात काही जिवंत शिल्लक राखणे, ही दोन कामे आहेत. दुसरे काम कोणतीही फौज बाहेरून येऊन करीत नाही.

अफगाणिस्तानच्या बायकांसाठी आपण काय करणार, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, त्यांच्यापैकी ज्या आज परागंदा होऊन किंवा घरात दडून मुलींना शिकवीत आहेत त्यांचे म्हणणे ऐका, त्यांना शिष्यवृत्त्या द्या, आपल्या देशात आश्रय द्या, आणि काबूलशी बोलणी करणाऱ्या प्रत्येक सरकारला, आपल्या सरकारलाही, त्या मेजावर कोण बसले आहे हे विचारीत राहा. आणि आपल्या घरी पुढल्या वेळी वाटणीचा कागद निघेल, तेव्हा बहिणीला सही मागण्याआधी तिचे मत विचारा.